म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडलाय, रॉड टाकायचा का गोळा बदलायचा?

म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं अन पाय आखूड होऊन बाहेर फिरलेला दिसला तर मालिश, हाडवैद्य राहू द्या, सरळ एक्स-रे काढा. अन डॉक्टरला आधी "कोणतं ऑपरेशन" नाही, "नेमकं कुठं मोडलंय" हे विचारा, अर्धा निकाल तिथंच लागतो. शेजारच्या काकांना रॉड टाकला म्हणून आपल्याला बी रॉडच असं नसतंय.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला खुब्यात बसणारा गोळा असतो, त्या गोळ्याखालची मान मोडली तर भानगड रक्ताची असते. गोळ्याला रक्त मुख्यतः मानेवरूनच जातं, हाड सरकलं की त्या शिरा तुटू शकतात, मग स्क्रू मारले तरी कधी हाड जुळतच नाही, कधी गोळा सुकतो अन परत ऑपरेशन. म्हणून उतारवयात हाड सरकलेलं असलं की शक्यतो गोळाच बदलतात, स्क्रू सहसा तरुणांना किंवा न सरकलेल्या हाडाला. आता नुसता गोळा म्हणजे बायपोलर, का गोळा ज्यात फिरतो त्या वाटीसकट पूर्ण सांधा? 2019 च्या हेल्थ नावाच्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांत परत ऑपरेशन लागायचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच निघालं, पूर्ण सांध्यात चालणं-फिरणं किंचित बरं पण निखळायची भीती जास्त. माझं मत विचाराल तर घरातल्या घरात काठीवर फिरणाऱ्या आजीला बायपोलर पुरे, रोज शेतात चक्कर मारणाऱ्या आजोबांसाठी किंवा खुबा आधीच झिजलेला असला तर पूर्ण सांध्याचं विचारून बघा.

मानेखाली मोडलं, ज्याला डॉक्टर इंटरट्रॉक म्हणतात, तर तिथं रक्त भरपूर, हाड जुळतं. सरळ दोन तुकडे असले तर प्लेट-स्क्रूचं डीएचएस चालतं अन स्वस्त पडतं, चुरा झालाय किंवा मोड उलट तिरका आहे तर आतून रॉड, म्हणजे पीएफएन.

ऑपरेशन न करता पायाला वजन लावून महिना-दोन महिने झोपवणं स्वस्त वाटतं, पण पाठीला जखमा अन न्यूमोनिया त्यातच होतो. शक्यतो 48 तासांत ऑपरेशन व्हावं, रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर पहिल्याच दिवशी सांगा. पैशाचं कोडं असलं तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, संभाजीनगरचा घाटी दवाखाना नाहीतर अंबाजोगाई, लातूरचं सरकारी मेडिकल आहेच.

बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात, तरी वजन किती टाकायचं हे विचारूनच घ्या. घरी कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, गोळा बदललाय तर उकिडवं बसणं बंद. सुट्टी होताना हाड ठिसूळ होण्यावरचं औषध मागून घ्या, बरेच जण विसरतात, अन दुसरा खुबा बी तितकाच ठिसूळ असतोय.