एकांत प्रार्थना रोज कशी करावी: वेळ, जागा, शब्द आणि नेहमीच्या अडचणी

रविवारची उपासना किंवा मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही, जेवणाआधी दोन शब्द होतात, आजारपणात पाळकसाहेब किंवा फादर घरी येऊन प्रार्थना करतात. मग दार लावून एकट्याने आणखी प्रार्थना कशाला? शुभवर्तमानात याचं उत्तर सरळ मिळतं. येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथाला सभास्थानात जात होता (लूक 4:16), आणि तोच येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात होता (मार्क 1:35). एक होतं म्हणून त्याने दुसरं सोडलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर आपल्या खोलीत जा, दार लाव आणि पित्याची प्रार्थना कर, अशी आज्ञाच आहे (मत्तय 6:6). गंमत अशी की दार लावायला सांगून लगेच शिकवलेली प्रार्थना सुरू होते ती ‘आमच्या पित्या’ अशी. खोलीत माणूस एकटा असतो, पण मागायचं सगळ्यांसाठी असतं.

व्यवहारातलं कारणही आहे. चर्चमध्ये सगळे मिळून ‘आम्ही पाप केले आहे’ म्हणतात. काल रात्री आईला जे बोललो, दुकानाच्या हिशेबात जे लपवलं, ते तिथे कोणी नाव घेऊन बोलत नाही आणि बोलूही नये. ते बोलायची जागा बंद दाराआड आहे.

एकांत प्रार्थना सुरू करून दहा-पंधरा दिवसांत सोडणारे पुष्कळ असतात. त्यांचा विश्वास कमी पडतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा कमी पडते ती मांडणी: वेळ ठरलेली नसते, जागा नसते, आणि तिसऱ्या मिनिटाला शब्द संपतात.

वेळ आणि जागा

1535 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमधल्या आपल्या न्हाव्यासाठी, पीटरसाठी, प्रार्थना कशी करावी हे लिहून काढलं. त्यातला पहिला सल्ला आजही तसाच लागू आहे: सकाळी पहिलं काम आणि रात्री शेवटचं काम प्रार्थना असू दे, आणि ‘तासाभराने करू, आधी एवढं उरकून घेऊ’ या विचारापासून सावध राहा. तो तासभर कधी येत नाही.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. पहिल्याच दिवशी तासभर बसणारा आठवड्यात उठतो. दहा मिनिटं महिनाभर टिकली की पंधरा, मग वीस. घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा रोज हमखास होणाऱ्या कामाला प्रार्थना जोडा: दात घासल्यावर, चहाचं आधण ठेवण्याआधी, मुलांची रिक्षा गेल्यावर. पहाटेच उठलं पाहिजे असा नियम नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल 6:10), आणि ‘डिडाखे’ या अगदी जुन्या ख्रिस्ती नियमग्रंथात प्रभूची प्रार्थना, म्हणजे वर आलेली ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना, दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. रात्रपाळी करणाऱ्याने कामावरून आल्यावर, झोपण्याआधी बसावं.

दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे ‘आपल्या खोलीत जा’ कसं जमणार? गॅलरी, जिना, गच्ची, उघडं असेल तर दुपारचं रिकामं चर्च, यांपैकी एक जागा ठरवून टाका. विरारहून लोकल पकडणाऱ्याला खिडकीची जागा मिळाली तर तीही चालते, फक्त चर्चगेटपर्यंतचा सगळा वेळ आपला आहे असं समजू नका. ठरलेली वीस मिनिटं संपली की संपली. मोठ्याने बोलता येत नसेल तर पुटपुटा. हन्नाचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती प्यायलेली वाटली (1 शमुवेल 1:13). तरी तिची प्रार्थना ऐकली गेली. अगदी मनातल्या मनात प्रार्थना करण्यापेक्षा ओठ हलवणं नवख्याला सोपं जातं, कारण मन भरकटलं की ओठ थांबतात आणि लगेच कळतं.

गुडघे टेकायचे तर खाली घडी घातलेली चादर घ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसा. अंथरुणात पडून सकाळची प्रार्थना करू नका, चौथ्या वाक्याला झोप लागते. बायबल छापील असू द्या. फोनवरच वाचायचं असेल तर आधी तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर स्तोत्राच्या मधोमध सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण उघडतं.

शब्द कुठून आणायचे

इथेच सगळ्यात जास्त लोक अडतात. खरी प्रार्थना म्हणजे मनातून आपोआप उमटलेली, पाठ केलेली किंवा वाचलेली ती कमी दर्जाची, असा समज विशेषतः आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पक्का आहे. तो टिकत नाही. वधस्तंभावर येशूने उच्चारलेली ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही हाक 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि ‘तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो’ हे शब्द 31व्या स्तोत्रातले. गेथशेमाने बागेत त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). मत्तय 6:7 मधली मनाई ‘व्यर्थ बडबड’ करण्याची आहे, म्हणजे शब्दांच्या ढिगाने देवाला वळवता येईल या समजुतीची. तेच शब्द पुन्हा म्हणण्याची नाही. म्हणून रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) म्हणणाऱ्यानेही ती बाजूला ठेवायचं कारण नाही. एक एक रहस्य, म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातला एक एक प्रसंग, डोळ्यांसमोर आणून संथ म्हणा आणि पन्नास मण्यांचा वेग मोजू नका.

तर शब्द उसने घ्या आणि ते स्तोत्रसंहितेतून, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातून, घ्या. 150 स्तोत्रं आहेत. महिन्याची तारीख घ्या, तिच्यात 30 मिळवत जा. आज 12 तारीख असेल तर 12, 42, 72, 102 आणि 132 ही पाच स्तोत्रं आजची. पाचही वाचायची नाहीत. पाचांवर नजर फिरवा, आजच्या मनःस्थितीला लागू पडेल ते एक निवडा. 29 तारखेला 119वं स्तोत्र वाट्याला येतं, त्यात 176 वचनं आहेत. ते आठ-आठ वचनांच्या 22 भागांत विभागलेलं आहे, त्यातला एकच भाग घ्या. 31 तारखेला मागे आवडलेलं कुठलंही.

निवडलेलं स्तोत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा प्रत्येक वचनाशी थांबून आपलं वाक्य जोडा. 13वं स्तोत्र यासाठी सगळ्यात सोपं, कारण ते फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याचे तीन भाग डोळ्यांना दिसतात. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे: परमेश्वरा, कोठवर? इथे थांबून तुमचं ‘कोठवर’ सांगा, उदाहरणार्थ भावाशी चाललेला जमिनीचा दावा आणखी किती वर्षं? तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. नेमकं काय हवंय ते एका वाक्यात मागा. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं आहे. तो भरवसा त्या दिवशी वाटत नसेल तर ‘हे शब्द आज माझे नाहीत, तरी वाचतो’ असं म्हणून वाचा. त्यात ढोंग नाही. स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश अशी गाऱ्हाण्यांचीच आहेत, आणि 88वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात उजाडतच नाही. देवाशी भांडायचे शब्द ज्या ग्रंथाने दिले त्याच्यासमोर गोड बोलायची सक्ती आपण का करून घ्यावी?

काही स्तोत्रांवर खूण करून ठेवा: पश्चात्तापाला 51, उपकारस्तुतीला 103, भीतीला 27 आणि 46, रात्रीला 4 आणि 91.

भाषेबद्दल एक सांगायला हवं. एरवी झणझणीत बोलणारी माणसं प्रार्थनेत ‘हे सर्वसमर्थ परमेश्वरा, आम्ही तुझे उपकार मानितो’ अशा व्यासपीठावरच्या मराठीत शिरतात, आणि दर चार शब्दांनी ‘प्रभू बापा, प्रभू बापा’ येत राहतं. उपासनेत त्या भाषेला मान आहे. एकांतात मात्र ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता, तीच वापरा: वऱ्हाडी, मालवणी, वसईची सामवेदी किंवा वाडवळी, कुठलीही. पुस्तकी मराठीत राग आणि लाज दोन्ही सभ्य होतात आणि खरं काय ते आतच राहतं.

वीस मिनिटं कशी वाटायची

पहिली दोन मिनिटं काहीच बोलू नका, श्वास जागेवर येऊ द्या, आपण कोणासमोर बसलो आहोत एवढं आठवा. मग सहा-सात मिनिटं स्तोत्र, वर सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर तीन मिनिटं उपकार आणि कबुली. दोन्ही नेमकी हवीत. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ आणि ‘सगळ्या पापांची क्षमा कर’ ही वाक्यं म्हणायला सोपी आणि पोकळ. पुढची पाच मिनिटं इतरांसाठी. शेवटी प्रभूची प्रार्थना, पण दर विनंतीनंतर थांबून. एरवी ती अर्ध्या मिनिटात आटपते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथे थांबलं की घरातल्या डब्यांची, पगाराची आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांची आठवण येते, आणि तीन मिनिटं कुठे जातात कळत नाही.

इतरांसाठी प्रार्थना करायला एक साधी शंभर पानी वही ठेवा. वाराप्रमाणे नावं वाटा, दिवसाला पाच पुरेत. चाळीस नावं रोज वाचली की ती हजेरी होते. प्रत्येक नावापुढे तारीख आणि एक नेमकी ओळ लिहा: ‘भाच्याला आशीर्वाद दे’ नको; ‘बुधवारी मुलाखत आहे, तिथे खोटं सांगायचा मोह टळो’ असं हवं. नेमकं मागितलं की पुढे काय झालं हे तपासता येतं आणि उपकार मानायला कारण मिळतं. आठवड्यातला एक दिवस तुमचं ज्यांच्याशी जमत नाही त्यांच्यासाठी ठेवा. वही कपाटात ठेवा. दुसऱ्याचं आजारपण आणि घरातली भांडणं ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून कॉटेज मीटिंगमध्ये (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) फिरवणं म्हणजे निव्वळ चहाड्या.

रात्री वेगळी बैठक जमत नसेल तर दिवसाची उजळणी करा. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने 16व्या शतकात घालून दिलेला क्रम पाच पायऱ्यांचा आहे: उपकार माना, स्वतःकडे खरेपणाने पाहता यावं म्हणून कृपा मागा, उठल्यापासून तासातासाने दिवस तपासा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागा, उद्या काय बदलायचं ते ठरवा. दहा मिनिटांत होते. तिसऱ्या पायरीला झोप लागत असेल तर जेवणाआधी करा.

नेहमी काय बिघडतं

मन भरकटतं. हे सगळ्यांचंच होतं. गॅसची नोंदणी आठवली तर शेजारच्या कागदावर लिहा आणि ज्या वचनावर होता तिथे परत या. स्वतःला दोष देत बसलात तर ते दुसरं भरकटणं. तोच विचार रोज येत असेल तर मात्र तो हाकलू नका, बहुधा तोच प्रार्थनेचा खरा विषय आहे.

काहीच वाटत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूने कंटाळ्याचं नेमकं वर्णन करून ठेवलंय: भर दुपारी साधूला सूर्य हलतच नाही असं वाटतं, तो सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ झाली का पाहतो. उपाय एकच, ठरलेली वेळ संपेपर्यंत जागा सोडू नका. आणि त्या दिवशी वेळ वाढवूही नका.

नवस. ‘हे काम कर, मी ते सोडीन’ असा सौदा एकांत प्रार्थनेत सहज शिरतो. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशक 5:5 सांगतं. मागा, सौदा करू नका.

घरातलं वागणं. पतीने पत्नीला मान द्यावा, ‘म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही’ असं पेत्राने स्पष्ट लिहिलं आहे (1 पेत्र 3:7). प्रार्थना महिनोन्महिने अडल्यासारखी वाटत असेल तर पद्धत बदलण्याआधी इथे पाहा. तसंच मत्तय 5:23-24: भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर आधी जाऊन समेट करा. काही वेळा प्रार्थना थांबवून फोन करणं हेच करायचं असतं.

त्याच पापाची पुन्हा पुन्हा कबुली. एकदा मागितलेली क्षमा खरी झाली की नाही या धास्तीने दिवसातून वीस वेळा तेच म्हणावंसं वाटत असेल, तर प्रार्थना वाढवू नका. पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवा. हा पुष्कळदा आजार असतो. प्रार्थना सुरू केली म्हणून कुठलंही औषध बंद करायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

मागितलेलं मिळत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही (2 करिंथ 12:8-9). वहीत अशा नोंदी खोडू नका. वर्षभराने त्या वाचा, मागणं तेच ठेवायचं की बदलायचं ते तेव्हा ठरवा. शब्दच सुचत नसतील तर नुसतं बसा. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं रोम 8:26 म्हणतं.

दिवस चुकले तर भरपाई करायची नाही. चार दिवस गेले म्हणून पाचव्या दिवशी चार स्तोत्रं वाचणारा सहाव्या दिवशी पुन्हा गैरहजर असतो. आजची तारीख बघा, तिचंच स्तोत्र उघडा. रुग्णालयात कोणाजवळ रात्रभर बसला असाल, लहान बाळ असेल, परीक्षा चालू असेल, तर तेवढ्या दिवसांत सकाळी आणि रात्री प्रभूची प्रार्थना संथपणे म्हणा आणि वही बंदच राहू द्या.