६५० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटीचे अ‍ॅल्युमिनियम मॉडेल : बोअर आणि ट्यूनिंग

प्रोटॉन लिनॅकसाठी (प्रोटॉनना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रासाठी) तांब्याची कॅव्हिटी, म्हणजे रेडिओ लहरी ठरावीक वारंवारतेला घुमवणारी धातूची पोकळी, घडवण्याआधी तिचे अ‍ॅल्युमिनियमचे मॉडेल करून पाहावे; शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतील चांगल्या लेथवर ते निघू शकते. कोल्हापुरात आधी ओतकाम सुचणे साहजिक आहे, परंतु ओतीव धातूतील ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळ छिद्रे) येथे चालत नाहीत, म्हणून फोर्ज केलेली जाड रिंगच घ्यावी.

साध्या दंडगोल कॅव्हिटीची मूळ वारंवारता आतल्या व्यासावर ठरते, लांबीवर नाही. ६५० मेगाहर्ट्झसाठी हा व्यास निर्वातात ३५३.०५ मि.मी. येतो. व्यास वाढला की वारंवारता उतरते, आणि ०.१ मि.मी.ला सुमारे १८४ किलोहर्ट्झचा फरक पडतो. जास्त कापलेला धातू परत चढत नाही. त्यामुळे बोअर (आतला व्यास) आधी अर्धा मिलिमीटर लहान ठेवून वारंवारता मोजावी आणि मगच फिनिशिंग कट घ्यावा. मोजण्यापूर्वी जॉब पूर्ण गार होऊ द्यावा, कारण अ‍ॅल्युमिनियममध्ये एका अंशाला सुमारे १५ किलोहर्ट्झ सरकतात. हाताला कोमट लागणारा जॉब मोजून घेतलेला निर्णय हमखास चुकतो.

सर्वाधिक काळजी झाकणाच्या सांध्याची घ्यावी. प्रवाह धातूच्या अवघ्या काही मायक्रॉन थरातून वाहतो आणि झाकणावरून भिंतीवर उतरतो तो नेमका कोपऱ्यातून. म्हणून रिंगच्या आतल्या कडेला अरुंद, किंचित उंच ओठ ठेवावा, म्हणजे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळल्यावर पकड तिथेच बसते. सांधा सैल असल्यास क्यू (कॅव्हिटीत ऊर्जा किती कमी वाया जाते याचे माप) निम्म्यावर येऊ शकतो, आणि दोष मात्र धातूला दिला जातो.

मोजणीसाठी दोन छोटे लूप (सिग्नल आत सोडणारे व बाहेर घेणारे तारेचे वेढे) अगदी कमी आत ठेवून नेटवर्क अ‍ॅनालायझरवर, म्हणजे वारंवारतेनुसार प्रतिसाद दाखवणाऱ्या उपकरणावर, शिखर पाहावे. शिखराच्या ३ डेसिबल खाली मोजलेल्या रुंदीने वारंवारतेला भागले की क्यू मिळतो. रुंदी ३२.५ किलोहर्ट्झ असेल, तर क्यू २०,००० आहे. हवेत वारंवारता निर्वातापेक्षा जवळपास २०० किलोहर्ट्झ कमी दिसते, आणि जुलैच्या दमट हवेत आणखी खाली. तापमानासोबत आर्द्रतेचीही नोंद ठेवावी.

शेवटचे जुळवणे ट्यूनरवर सोडावे. बाजूच्या भिंतीतून, जिथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते, ट्यूनरचा प्लंजर (धातूचा सरकता दांडा) आत ढकलला की वारंवारता चढते. म्हणून बोअर असा संपवावा की प्लंजर बाहेर असताना वारंवारता किंचित कमी राहील आणि अर्ध्या वाटेवर ती जुळेल. लॉकनट आवळतानाही शिखर थोडे सरकते, तेव्हा नजर पान्यावर नव्हे, स्क्रीनवर ठेवावी.