कट मारायला मिळत नाही? मार्गारेट बूथने काय केलं ते करा
अंधेरी-गोरेगावच्या एडिट रूममध्ये असिस्टंट म्हणून लागलेल्या मुलींनो, दिवसभर रशेस (शूटचं कच्चं फुटेज) आवाजाशी सिंक करायच्या, बिन (क्लिप्सचे फोल्डर) लावायचे, एक्स्पोर्ट टाकायचा आणि कट मात्र दुसऱ्यानेच मारायचा, असं चाललं असेल तर हे वाचाच.

हॉलिवूडची एडिटर मार्गारेट बूथ १९१५ मध्ये मूकपटांचा दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथकडे लागली ती फिल्मचे तुकडे जोडायला. तेव्हा निगेटिव्हवर नंबरसुद्धा नसायचे, हात किती वर गेला, मान किती वळली हे नुसत्या डोळ्यांनी बघून जुळवायचं. पुढे ती दिग्दर्शक जॉन स्टालकडे आली आणि काम संपल्यावर त्याचे टाकून दिलेले टेक घेऊन स्वतः सीन कापत बसायची. एकदा त्याचा सीन काही केल्या जमेना, त्याने हिचा बघितला आणि तोच वापरला! पुढे १९३९ ते १९६८ ती एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओची मुख्य एडिटर होती.

तर तुम्हीही एनजी टेक (‘नो गुड’, म्हणजे बाद झालेले) मागा. एडिटरची परवानगी घेऊन, प्रोजेक्टची वेगळी कॉपी करून, तिथल्याच मशीनवर. फुटेज पेनड्राइव्हवर घरी अजिबात न्यायचं नाही, नोकरी जाईल.

सुरुवात साध्या सीनने करा, समजा कोणी चहाचा कप उचलतंय. वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) हात अर्ध्यावर आला की कट, आणि क्लोजमध्ये (जवळच्या शॉटमध्ये) हात बरोबर तिथेच असेल ती फ्रेम शोधायची. मग दोन फ्रेम मागे, दोन पुढे करून बघा, २४ फ्रेमच्या सेकंदात एवढ्यानेही कट खटकायचा थांबतो. आवाज म्यूटच ठेवा, कारण डायलॉग चालू असला की वाईट कटही खपून जातो आणि आपल्याला वाटतं जमलं. बूथ मूकपटात सैनिक चालत असले की मनात एक-दोन-तीन मोजून अँगल बदलायची, तसं तोंडाने मोजा, लाजू नका.

घरी सराव हवा असेल तर रेणू सलुजांनी कापलेला ‘परिंदा’ म्यूट करून बघा आणि प्रत्येक कटला टेबलावर टिचकी मारा, कुठे घाई केलीय आणि कुठे थांबल्यात ते बोटांनाच कळतं. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, एकेक सीन पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे.

कापलेला सीन डिलिव्हरीच्या धावपळीत दाखवू नका, एडिटर निवांत असेल तेव्हा दाखवा आणि ‘कसा वाटला’ असं मोघम न विचारता ‘कुठे खटकलं’ विचारा, तो टाइमकोड (फुटेजवरची नेमकी वेळ) लिहून घ्या आणि तेवढाच कट परत मारून न्या.