माशाच्या कानातल्या खड्यातली प्रथिने अभ्यासताना या चुका टाळा

घोळ किंवा ढोमा चिरला की डोक्यात दोन पांढरे, टणक खडे सापडतात. हे ऑटोलिथ. वजनात जवळजवळ सगळा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिने थोडीच. तेवढ्यावरून प्रथिनांना दुय्यम मानले की पुढचे काम फसत जाते. चुना कुठे साचायचा, खडा कानात कशाला धरून राहायचा आणि कोणता स्फटिक तयार व्हायचा, यात निर्णायक वाटा याच प्रथिनांचा असतो.

खडा म्हणजे हाड नव्हे. त्यात पेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. आतल्या कानाच्या पिशवीचे अस्तर प्रथिने द्रवात सोडते आणि खड्यावर थर चढत जातात. त्यामुळे ओटोलिन-१ या खड्यातल्या प्रथिनाचा आरएनए हवा असेल तर खडा दळून उपयोग नाही. अस्तराची ऊती ताजी असतानाच काढून गोठवा.

फॉर्मलिनमध्ये ठेवलेला मासा या कामाला घेऊ नका. साठवलेले फॉर्मलिन आम्लधर्मी होते, खडा झिजवते आणि प्रथिने एकमेकांना जखडून टाकते. ताजा किंवा गोठवलेला मासा घ्या. खड्यावरचा पडदा चिमट्याने काढा, मग सुमारे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटे ठेवून शुद्ध पाण्याने बऱ्याचदा धुवा. हे टाळलेत तर अस्तराची आणि रक्ताची प्रथिने ‘खड्यातली’ म्हणून यादीत येतील.

चुना विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा मोह होतो, कारण काम झटपट होते. पण तीव्र आम्लात प्रथिनांचे तुकडे पडू शकतात. त्यापेक्षा ०.५ मोलर, पीएच ८.० चे ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारे रसायन) ४ अंश सेल्सियसला वापरा, सोबत प्रोटिएज आणि फॉस्फेटेज रोधक घाला, म्हणजे प्रथिने तोडणारी आणि त्यांच्यावरचे फॉस्फेट काढणारी विकरे थांबतात. हिशेब सोपा आहे: १०० मिलीग्रॅम चुन्यात १ मिलीमोल कॅल्शियम, ते बांधायला हे द्रावण किमान २ मिलिलिटर लागते. प्रत्यक्षात ५ मिलिलिटर घ्या. दोन दिवसांनीही खडा शिल्लक दिसला तर आधी ईडीटीए पुरले का ते पाहा, मग द्रावण बदला. उरलेला न विरघळणारा पातळ सांगाडा फेकू नका. कोलॅजेनसारखे ओटोलिन-१ त्यातच सापडते.

प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे जेल रंगवल्यावर कोरे दिसले तर लगेच ‘प्रथिने नाहीत’ असे लिहू नका. खड्यातली बरीच प्रथिने अतिशय आम्लधर्मी असतात, त्यांना कूमासी रंग नीट चढत नाही; प्रथिनांचे प्रमाण मोजणाऱ्या ब्रॅडफोर्ड चाचणीतही ती कमी मोजली जातात. तांब्यावर चालणाऱ्या बीसीए या दुसऱ्या चाचणीत ईडीटीए तांबे पकडून घोळ घालते, म्हणून आधी डायलिसिस करून ते काढा. जेलला ‘स्टेन्स-ऑल’ हा रंग वापरा: आम्लधर्मी प्रथिने निळी दिसतात, बाकीची गुलाबी. हा रंग प्रकाशात उडतो, डबा झाकून ठेवा. रंगवण्याआधी जेलमधले एसडीएस (प्रथिनांना चिकटून त्यांना जेलमधून सरकवणारे साबणासारखे रसायन) पूर्ण धुवा. आणि पट्टा अपेक्षेपेक्षा वर दिसला म्हणून ते दुसरे प्रथिन ठरत नाही. आम्लधर्मी प्रथिनाला एसडीएस कमी चिकटते, ते हळू सरकते.

स्फटिक ओळखताना रामन वर्णपटातील (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या नोंदीतील) फक्त १०८५ प्रति सेंमीच्या शिखरावर विसंबू नका. ते अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन्ही स्फटिकरूपांत आहे. फरक ७०५ (अ‍ॅरागोनाइट) आणि ७१२ (कॅल्साइट) इथे कळतो. कानातल्या तीन जोड्यांपैकी खडा कोणत्या जोडीतला, तेही लिहून ठेवा. रोहू-कटल्यात अ‍ॅस्टेरिस्कस या जोडीतला खडा मोठा असतो आणि तो सहसा व्हॅटेराइट या तिसऱ्या स्फटिकरूपाचाच बनतो. तो पाहून प्रथिनात दोष शोधू नका.

झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशामध्ये प्रथिने आणि खड्याचे हे संबंध सर्वांत स्पष्ट दिसले. २००३ मध्ये स्टारमेकर जनुक दाबल्यावर गोल खडा ताऱ्यासारखा झाला आणि अ‍ॅरागोनाइटच्या जागी कॅल्साइट आले. ओएमपी-१ हे खड्यातले दुसरे प्रथिन कमी केल्यावर खडा लहान राहतो. ओटोलिन-१ कमी केल्यावर खडे जागा सोडतात, एकमेकांना चिकटतात. पण लहान खडा म्हणजे लगेच ओएमपी-१ नव्हे. मॉर्फोलिनो (जनुक दाबणारा कृत्रिम रेणू) टोचल्यावर भ्रूणाची सगळीच वाढ मागे पडू शकते आणि खडाही लहान दिसतो. २८.५ अंशांवर वाढवून, तास न मोजता शरीरखंड मोजून तुलना करा. कोणतेही जनुक न दाबणाऱ्या नियंत्रण मॉर्फोलिनोचा गट ठेवा आणि त्याच जनुकाचा एमआरएनए परत देऊन खडा सुधारतो का ते बघा. सुधारला नाही, तर निष्कर्ष थांबवा.