नवी गाडी घेताना दोन मॉडेल कशी तोलावीत: खान्देशच्या रस्त्यांवरची पद्धत

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले नेतात तो रस्ता बहुतेक वेळा ठरलेला असतो. गुळगुळीत, सरळ, दोन-तीन किलोमीटर जायचं आणि वळून यायचं. जळगाव असो की धुळे, त्या रस्त्यावर कुठलीही नवी गाडी चांगलीच वाटते आणि सगळ्यात शेवटी चालवलेली तर जरा जास्तच. दोन-तीन मॉडेलांची तुलना खरंच करायची असेल तर रस्ता, वेळ आणि गाडीत बसणारी माणसं तुम्ही ठरवायची. त्याआधी थोडं घरचं काम आहे.

आधी वापर लिहून काढा

वहीच्या एका पानावर एवढंच लिहा: वर्षाकाठी किती किलोमीटर, बहुतेक वेळा गाडीत किती जण, रस्ता कुठला, आणि गाडी रात्री उभी कुठे राहणार. चोपड्याहून रोज जळगावला ये-जा करणाऱ्याची गरज वेगळी, रावेरला केळीच्या मळ्यात बांधापर्यंत गाडी नेणाऱ्याची वेगळी. लग्नसराईच्या दोन महिन्यांसाठी सात सीटची गाडी घेऊन वर्षभर तिच्यात दोघंच फिरणारी घरंही आपल्याकडे कमी नाहीत. घ्यायला हरकत नाही, पण अर्टिगाची तिसरी रांग उभी असली की डिकी २०९ लिटर उरते हे माहीत असू द्या. सात माणसं आणि सात जणांच्या बॅगा एकत्र बसत नाहीत, वर कॅरिअर लागतोच.

इंधनाचा हिशेब

गावात नवी गाडी आली की नारळ फुटायच्या आत प्रश्न येतो, "भाऊ, ॲव्हरेज कितला देस?" जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे घाट नसतो, मागच्या सीटवर तीन माणसं नसतात. त्यामुळे तो आकडा घरी मिळेल ही अपेक्षा सोडा. दोन गाड्यांत जास्त कोण देईल हे सांगण्यापुरता तो उपयोगी आहे. डिझायरच्या मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाडीचा आकडा लिटरला २४.७९ किलोमीटर आणि सीएनजीचा किलोला ३३.७३. यातून क्रम कळतो, महिन्याचा खर्च कळत नाही.

डिझेल की पेट्रोल हे कागदावर मांडून पाहा. समजा वर्षाला १२,००० किलोमीटर फिरता. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ देते आणि डिझेल २०, तर लागलं ८०० लिटर पेट्रोल किंवा ६०० लिटर डिझेल. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ धरलं तर ८४,००० विरुद्ध ५५,२००, म्हणजे वर्षाची बचत २८,८००. दोन गाड्यांच्या किमतीत सव्वा लाखाचा फरक असेल तर तो फिटायला चार वर्षं उलटून जातात. आजचे दर आणि तुमचे किलोमीटर घालून हेच गणित पुन्हा करा. डिझेलची आणखी एक गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. बीएस ६ डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. फक्त बाजार, शाळा आणि दवाखाना एवढंच फिरणं असेल तर तो फिल्टर तुंबून दिवा लागतो. सुरत किंवा नागपूरच्या दिशेने महामार्गावर नेहमी जाणाऱ्यालाच डिझेल परवडतं.

सीएनजी बघत असाल तर आधी आपल्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि सकाळी तिथे रांग किती असते ते स्वतः जाऊन पाहा. मग डिकी उघडा. जुन्या पद्धतीत एकच मोठी टाकी जवळजवळ सगळी डिकी खाते. टाटाने २०२३ साली अल्ट्रोझमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आणि वर सामानाला जागा ठेवली. आता इतर कंपन्याही तसं करू लागल्या आहेत.

इलेक्ट्रिकचा प्रश्न सोपा आहे: घरी चार्जर लावायला स्वतःची जागा आहे का? नसेल तर तुलना तिथेच थांबवा.

आकड्यांत काय बघावं

माहितीपत्रकात चाळीस ओळी असतात, त्यातल्या पाच-सहाच कामाच्या. उदाहरणाला नेक्सॉन आणि ब्रेझा घ्या. नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं, १२० पीएस ताकद आणि १७० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. ब्रेझाचं साधं पेट्रोल १.५ लिटरचं, १०३ पीएस आणि १३७ एनएम. एवढ्यावर निकाल देऊ नका. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं पाहा: नेक्सॉनचा टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, ब्रेझाचा ४,४०० ला. म्हणजे चढावर एकीचं इंजिन खालूनच ओढेल आणि दुसरीला गिअर खाली टाकून फिरवत ठेवावं लागेल. उलट ब्रेझाचं चार सिलिंडरचं इंजिन शांत चालतं आणि नेक्सॉनच्या तीन सिलिंडरची थरथर उभ्या गाडीत जाणवते. हे कागद सांगत नाही, स्टिअरिंगवर हात ठेवला की कळतं.

दुसरा आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती वर आहे त्याचा. डिझायर १६३ मिलिमीटर, पंच १८७, ब्रेझा १९८, नेक्सॉन २०८. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं ठेवलं की गाडी बसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला भरल्या गाडीने उंच गतिरोधक ओलांडून पाहायचा. खालून लागली तर रोज लागणार.

टचस्क्रीन किती इंची, आतल्या दिव्यांचे रंग किती, हे मी शेवटी बघतो. सनरूफबद्दल माझं मत जरा तिखट आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा छतावरच्या काचेचा उपयोग नेमका कशाला? तेवढ्याच पैशांत मागच्या सीटला एसीचे झरोके, हवेशीर सीट किंवा सुरक्षेचं एखादं फीचर मिळत असेल तर ते घ्या. मुलं सनरूफचा हट्ट धरतील, ते वेगळं.

स्टेपनी नक्की विचारा. बऱ्याच गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा लहान असते, काही इलेक्ट्रिक गाड्यांत तर नसतेच, फक्त पंक्चर काढायचं किट मिळतं. धडगावच्या वाटेवर टायर फाटला तर ते किट काय कामाचं?

सुरक्षेचे तारे

भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. समोरून ताशी ६४ किलोमीटरने धडक, बाजूने ५० ने, आणि खांबावर २९ ने. मोठ्या माणसांच्या सुरक्षेचे ३२ गुण, मुलांच्या सुरक्षेचे ४९, आणि त्यावरून पाचपैकी तारे. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे तारे नसलेली गाडी वाईटच असं नाही, पण तारे असलेल्या दोन गाड्या असतील तर पाचला पाच म्हणून बरोबरी धरू नका. अहवाल उघडून गुण पाहा. मागे नातवंडं बसणार असतील तर मुलांचे गुण आधी वाचा आणि लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक कुठे आहेत ते हात घालून शोधा.

टेस्ट ड्राइव्ह: इथेच खरा निकाल

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, पाठोपाठ चालवा. मध्ये आठवडा गेला की पहिली गाडी आठवत नाही, विक्रेत्याचं बोलणं तेवढं आठवतं. लायसन्स बरोबर ठेवा. फोनवरच सांगा की जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घ्यायचा आहे तीच गाडी हवी. शोरूममध्ये टेस्टला बहुधा टॉप मॉडेल असतं, त्याचे टायर रुंद असतात, सीट वेगळी असते. मधलं मॉडेल घेणाऱ्याने त्यावरून काहीच ठरवू नये.

वेळ दुपारी दोनची घ्या. शक्य असेल तर गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा, मग काचा लावून एसी सुरू करा आणि मागच्या सीटवर बसा. पुढे बसणाऱ्याला गारवा लगेच लागतो, मागच्याला किती वेळाने लागतो हा प्रश्न आहे. पेट्रोलच्या लहान इंजिनात एसी लावल्यावर चढावर ओढ किती मरते तेही याच वेळी कळेल.

माणसं घरची न्या. आजीला मागे बसवा आणि चढता-उतरताना गुडघा किती वाकवावा लागतो ते पाहा. सीट फार खाली असेल तर तिला उठायला हात द्यावा लागेल, फार उंच असेल तर पाय उचलावा लागेल. मागे तिघं बसून पाहा, मधल्याचे पाय कुठे जातात? लग्नाला जाताना मधली जागा नेहमी कुणातरी जावईबापूंच्या वाट्याला येते, त्यांची सोय झाली पाहिजे.

आता चढ. धुळ्याला लळिंगचा चढ जवळ आहे, साक्री-नवापूरकडे कोंडाईबारी, चाळीसगावला कन्नडचा घाट, शहादा-तळोद्याला तोरणमाळ किंवा चांदसैली. जळगाव-भुसावळला घाट नाही, तिथे रेल्वेवरच्या उड्डाणपुलाचा चढ घ्या आणि गाडी भरा. शोरूमवाले घाटापर्यंत न्यायला कुरकुर करतात. घेणार नक्की आहे, दोनपैकी एक निवडायची आहे, असं स्पष्ट सांगितलं तर बऱ्याचदा तयार होतात. घाटात ट्रकच्या मागे वेग वीस-पंचवीसवर येऊ द्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा दाब द्या. गाडी लगेच उचलते, की आधी घुटमळते, की सरळ पहिला टाकावा लागतो? टर्बो गाड्या अगदी कमी आरपीएमला क्षणभर झोपलेल्या वाटतात आणि मग एकदम उसळतात. हा स्वभाव ओव्हरटेक करताना माहीत असलेला बरा.

चढावरच थांबा. ब्रेक सोडल्यावर गाडी मागे सरकते का, गाडी चढावर धरून ठेवणारं हिल होल्ड किती वेळ धरतं ते पाहा. एएमटी (साध्या गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी सोय) असेल तर ओव्हरटेकला पाय दाबल्यावर गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. तेवढं चालत असेल तर हा सगळ्यात स्वस्त ऑटोमॅटिक आहे. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकची गाडी चढावरच्या रांगेत ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की क्लच तापतो. ब्रेकवर थांबायची सवय नसेल तर साधा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक घ्या.

मग बिघडलेला रस्ता. आपल्या काळ्या मातीवरचं डांबर पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात बसतं, त्यामुळे खड्डा नसलेल्या ठिकाणीही रस्ता लाटांसारखा असतो. अशा रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जा. मागचं टोक एकदा उसळून बसलं तर सस्पेंशन ठीक. तीन वेळा झुललं तर घाटातल्या वळणांवर पोरं उलट्या करणार. खड्ड्यातून तीसच्या वेगाने नेताना मागच्या सीटवर तुम्ही बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. बरेच जण हे करतच नाहीत आणि मग वर्षभर घरच्यांची तक्रार ऐकतात.

जमलं तर अंधारात एक चक्कर. कापसाने भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली लो बीममध्ये किती आधी दिसते, हे कुठल्याच पत्रकात नसतं. एडास (लेन धरणारी, आपोआप ब्रेक मारणारी, चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर ती चालू ठेवून गावातल्या रस्त्यानेही न्या. पट्टेच नसलेल्या रस्त्यावर लेन धरायचं काम ती करू शकत नाही आणि दुचाकी आडवी घुसली की आपणहून ब्रेक मारू शकते. मागून एसटी येत असेल तर छातीत धस्स होतं. महामार्गावर मात्र ती उपयोगी आहे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे का, हे तुमचा महामार्ग किती यावर ठरवा.

प्रत्येक गाडीतून उतरल्या उतरल्या वहीत चार ओळी लिहा. घरच्यांना एकमेकांशी न बोलता आपापलं मत सांगू द्या.

किंमत आणि बुकिंग

जुने व्हिडिओ पाहून किमती ठरवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलला १,२०० सीसी, डिझेलला १,५०० सीसीच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के, त्यापेक्षा मोठ्यांना ४० टक्के. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. नेक्सॉन १८ मध्ये बसते.

तुलना ऑन रोड किमतीचीच करा आणि प्रत्येक ओळ सुटी लिहून मागा: एक्स-शोरूम, आरटीओ कर, विमा, ॲक्सेसरीज. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दर मागवून दाखवा, बहुधा आतला दर खाली येतो. हँडलिंग चार्जेस नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. आणि सर्व्हिस सेंटर किती लांब, हे किमतीत धरा. अक्कलकुव्याच्या माणसाला दर सर्व्हिसला धुळे गाठावं लागलं तर दिवस मोडतो.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंट, रंग, अंदाजे डिलिव्हरी आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते लिहून घ्या. गाडी आली की नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन पाहा, आणि उजेड असताना. कागदावर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष तपासा, चॅसी नंबर जुळवा. टायरच्या कडेवर चार अंक असतात: ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनीवरचे अंक एकमेकांच्या जवळपासचे नसतील तर का, ते विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत उरलेले पैसे भरू नका.