नागपूरच्या उन्हात घाम दिसत नाही, पण जातो
मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तरी अंग कोरडंच वाटतं. घाम येत असतो. कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. गारवा मिळतो तो या उडण्यामुळेच. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. पण घामासोबत पाणीही नकळत जातं, म्हणून तहानेवर विसंबू नका. लघवी गडद पिवळी झाली, की पाणी कमी पडतंय. मीठ घातलेलं पन्हं किंवा ताक उत्तम.

जूनमध्ये पाऊस लागला की मात्र कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. दमट हवेत घाम वाळत नाही, ओघळतो.

उन्हातून आलेलं माणूस बरळायला लागलं तर पन्हं पाजत बसू नका. अंग ओलं करून वारा घाला, लगेच दवाखाना गाठा.