सही जुळली नाही म्हणून अडकलेलं माझं पोस्टाचं मत

न्यू जर्सीत सिटिझन झाल्यावर २०२४ चं पहिलंच मत, त्यामुळे मी फार मनावर घेतलं होतं. १५ ऑक्टोबर ही नोंदणीची शेवटची तारीख, मी सप्टेंबरमध्येच नोंदणी करून टाकली आणि सोबत पोस्टाने मतपत्रिका मागवायचा अर्जपण दिला. इथे कारण द्यावं लागत नाही हे खूप बरंय.

पाकीट आलं, गोल काळे केले, आतल्या पाकिटाला जी सर्टिफिकेटची (मत मीच दिलंय अशा ग्वाहीची) पट्टी जोडलेली असते तिच्यावर सही केली. (ती पट्टी फाडून काढायची नाही, हे नक्की लक्षात ठेवा.) मग बाहेरच्या पाकिटात घालून सरळ ड्रॉप बॉक्समध्ये (मतपत्रिका टाकायच्या सरकारी पेटीत) टाकलं.

आणि थोड्या दिवसांनी घरी पत्र, सही जुळत नाही! पोटात गोळाच आला. नीट आठवलं तेव्हा कळलं, नोंदणीच्या वेळी मी पूर्ण नाव लिहून सही केली होती आणि पट्टीवर बँकेत करतो तशी घाईची, वळणाची, आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर.

पत्रासोबतच दुरुस्तीचा फॉर्म होता, त्यात मत माझंच आहे असं लिहून द्यायचं, लायसन्सचा नंबर टाकायचा आणि सही करायची. मी त्याच दिवशी भरला आणि पोस्टावर न सोडता स्वतः जाऊन काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) निवडणूक ऑफिसात दिला. नंतर रोज ऑनलाइन स्टेटस बघायचो, चौथ्या दिवशी स्वीकारलं असं दिसलं.

आता बायकोचा अर्ज भरतोय, तिच्या नोंदणीच्या सहीचा फोटो आधीच काढून ठेवलाय.